मदत किती घ्यावी आणि उभे राहायला वेळ किती घ्यावा?

प्रश्न : सुकीकाठ (रावेर तालुका)

नमस्कार मंडळी.

मी रावेर तालुक्यात केळी पिकवणारा शेतकरी आहे. यंदाच्या जूनमध्ये आलेल्या वादळाने माझी मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळीची बाग, आडवी केली. घड भरलेले होते, कापणीसाठी व्यापाऱ्याशी बोलणे चालू होते आणि अर्ध्या तासाच्या वाऱ्यात बहुतेक खोडे मधूनच मोडून पडली. पंचनामा झाला, विम्यासाठीची सूचना पुतण्याने ७२ तासांच्या मुदतीत मोबाइलवरून नोंदवली, एवढे मात्र वेळेवर झाले. त्यातून सावरण्याआधीच जुलैत सावद्याहून परतताना मोटारसायकल घसरली आणि उजव्या मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया करून आत सळई बसवली आहे. आता दिवाळी तोंडावर आली आहे आणि मी काठी टेकत अंगणापर्यंत जाऊन परत येतो.

पैशांची अडचण आहेच, परंतु मला विचारायचे आहे ते वेगळे आहे. भेटायला येणाऱ्यांपैकी काही जण सांगतात की घाई करू नका, वेळ जाऊ द्या, सगळे ठीक होईल. काही जण, विशेषतः भावकीतील वडीलधारे, विचारतात की आता आणखी किती दिवस खाटेवर राहणार. दोघांचेही ऐकून घेतो, दोघेही चहा घेऊन जातात आणि मी जिथल्या तिथे असतो.

दरम्यान काम थांबलेले नाही, कारण ते दुसरे लोक करत आहेत. माझा धाकटा शालक चोपड्याकडचा आहे. तो स्वतःची शेती सांभाळून इकडे येतो. त्याने पडलेली खोडे काढून शेत मोकळे केले आणि तीन एकरांत कांदेबाग, म्हणजे पावसाळ्याअखेर लावायची केळी, लावली. रोपांचे पैसेही त्यानेच भरले. नाशिकची बहीण मुलांच्या शाळेची फी परस्पर भरते. शेजारचे आप्पा त्यांच्या पाण्यासोबत माझ्याही बागेचे पाणी पाहतात. या सर्वांचे उपकार वाटतात आणि त्याच वेळी घरात आपले काही उरले नाही असेही वाटते. शालक हिशेब सांगायला आला की मी डोळे मिटून पडून राहतो. रात्री झोप लागत नाही. एका खासगी सावकाराने माणूस पाठवून विचारणा केली आहे आणि त्याच्याकडून रक्कम घेऊन शालकाचे व बहिणीचे पैसे एकदम फेडून टाकावेत, असे सध्या मनात घोळत आहे.

अशा प्रसंगातून गेलेल्यांना विचारतो : उभे राहायला किती वेळ घेणे योग्य, आणि मदत घ्यावी तर ती कशी घ्यावी, म्हणजे माणूस स्वतःच्याच घरात पाहुणा होणार नाही?

—

उत्तर : गिरणाकाठ (भडगाव)

दादा, नमस्कार. मी शिक्षिका आहे. माझे यजमान गेले तेव्हा मुले लहान होती. आपल्या दोघांची संकटे सारखी नाहीत, परंतु तुमचा शेवटचा प्रश्न मला चांगला ओळखीचा आहे.

आपल्याकडे घरात मृत्यू झाला की गंधमुक्तीपर्यंत, म्हणजे सुतक संपेपर्यंत, काय करायचे ते सर्वांना ठाऊक असते. जेवण नातेवाइकांकडून येते, बसायला माणसे येतात, गुरांचे व पाण्याचे शेजारी पाहतात आणि त्या दिवसांत कोणी ‘नको’ म्हणत नाही. ती मदत घेताना मान खाली जात नाही, कारण कोणी काय करायचे आणि कधीपर्यंत करायचे हे आधीपासून ठरलेले असते. कठीण काळ त्यानंतर सुरू होतो. मांडव निघतो, माणसे आपापल्या कामाला लागतात आणि त्यापुढे कोणी, काय, किती दिवस करायचे याचा कोणताही रिवाज नसतो. पडलेल्या बागेसाठी आणि मोडलेल्या पायासाठी तर पहिल्या दिवसापासूनच रिवाज नाही. त्यामुळे जे आले ते घेत राहायचे आणि आतून झुरत राहायचे, असे होऊन बसते. रिवाज नसेल तर तो आपणच ठरवावा लागतो.

तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत, परंतु मला तो एकच प्रश्न दिसतो. ‘वेळ घ्या’ असे सांगणाऱ्यांनी तुम्हाला वेळ दिलेला नाही. तुम्ही जे काम करू शकत नाही ते दुसरा कोणी करतो, तेव्हाच तुम्हाला वेळ मिळतो. शालकाने खोडे काढली नसती तर तुम्ही या पायाने शेतात गेला असता, आणि पाय कायमचा अधू करून घेतला असता. म्हणजे तुम्हाला जो काही वेळ मिळाला आहे तो शालकाने, बहिणीने आणि आप्पांनी दिला आहे. मदत परत केली की वेळही परत जातो. सावकाराचे पैसे घेऊन शालकाला फेडले, तर उद्या बागेला खत कोण देणार आहे? सावकाराचा माणूस नक्कीच येणार नाही.

आता थोडे स्पष्ट बोलते, राग मानू नये. तुमच्या एवढ्या मोठ्या लिखाणात वहिनी कुठेही नाहीत. तुमच्या औषधांचे, मुलांचे, गुरांचे, आल्या-गेल्याच्या चहाचे त्याच पाहत असणार. घरातल्या कर्त्या माणसाने एखादी मदत स्वाभिमानापोटी नाकारली, तर तिचा भार त्याच्यावर येत नाही, तो बहुधा घरातल्या बाईवर येतो. आमच्या घरी हे उलट्या बाजूने घडले. मदत नाकारणारे माझे सासरे होते आणि राबणारी मी होते. म्हणून कोणती मदत ठेवायची आणि कोणती थांबवायची हे एकट्याने ठरवू नका. वहिनींना विचारा, आणि त्या जे सांगतील ते पूर्ण ऐकून घ्या.

शालकाशी बोलताना मुदत ठरवून टाका. आपल्याकडे सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचे, साल अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बदलते, शेतीचे सगळे व्यवहार त्याच दिवशी नव्याने ठरतात. तुमचीही व्यवस्था अखाजीपर्यंत आहे, असे दोघांनी ठरवले तर त्याला किती दिवस अडकायचे ते कळेल आणि तुम्हाला किती दिवस घ्यायचे ते कळेल. रोपांचे, खतांचे, मजुरीचे आकडे वहीत लिहा. आणि काही गोष्टी स्वतःकडे ठेवा. ठिबकमधून कोणते खत किती द्यायचे, हे खाटेवरून सांगता येते. व्यापाऱ्याशी फोनवर तुम्हीच बोला. हिशेब ऐकायला डोळे उघडे ठेवून बसणे हेही तुमच्या वाट्याचे एक काम आहे.

—

उत्तर : पांझरा_फिजिओ (धुळे)

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत शेतकरी पुष्कळ असतात, म्हणून पायाविषयी थोडे लिहितो. प्रत्यक्ष तपासणीची जागा हे लिखाण घेऊ शकत नाही.

मांडीचे हाड हे शरीरातील सर्वांत लांब हाड आहे. आत सळई बसवल्यानंतर ते जुळायला साधारण चार ते सहा महिने लागतात. मधुमेह असेल किंवा विडी-सिगारेट चालू असेल तर त्याहून अधिक लागतात. जुलैत शस्त्रक्रिया झाली असेल तर दिवाळीच्या सुमारास काठीने चालणे हे मागे पडल्याचे लक्षण नाही. भावकीतील मंडळींना हे सांगून पाहा, पटेलच असे नाही. हाड किती जुळले हे क्ष-किरण चित्रावरूनच कळते, त्यामुळे काठी कधी सोडायची आणि शेतातल्या ढेकळांवरून कधी चालायचे हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. दुखणे कमी होण्याऐवजी वाढत असेल, पोटरी सुजून दुखत असेल, जखमेतून पाणी येत असेल किंवा पाय आखूड वाटत असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवावे. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखू लागले तर मात्र त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

मात्र वेळ घेणे म्हणजे पडून राहणे नव्हे. हाड आपोआप जुळते, स्नायू आपोआप परत येत नाहीत. मांडीचा पुढचा स्नायू काही आठवड्यांतच वाळतो आणि तो पुन्हा भरायला हाडापेक्षाही अधिक काळ लागू शकतो. गुडघा वाकवणे, पाय सरळ ठेवून उचलणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे, असे व्यायाम शिकून घेऊन रोज करावे लागतात. इथेही मदत लागते. पहिल्या दिवसांत कोणीतरी शेजारी उभे राहावे लागते, अंघोळीच्या जागी धरायला दांडी बसवावी लागते, आणि भारतीय पद्धतीच्या शौचालयावर ठेवायची खुर्ची आणावी लागते. माझ्या अनुभवात पुरुष रुग्ण पैशांची मदत एक वेळ घेतात, पण ही खुर्ची घरात आणायला महिने लावतात. त्या लाजेपोटी पुन्हा पडून दुसरे हाड मोडून आलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

झोपेविषयी तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात. झोप न लागणे, कशातच मन न रमणे, माणसांना टाळणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, हे सगळे दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज होत असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. ‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तिचा क्रमांक १४४१६ आहे, ती चोवीस तास व विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येते. समोरासमोर दाखवायचे असल्यास जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. औषधे दिली गेली तर त्यांचा परिणाम जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे जातात आणि बरे वाटू लागल्यावरही ती काही महिने घ्यावी लागतात. ‘आठ दिवस घेतली, काही फरक नाही’ म्हणून ती सोडणारे फार असतात. आणि जगणे नको असा विचार मनात येत असेल तर हे पुढचे काहीही वाचत बसू नका, आजच वहिनींना सांगा आणि त्या क्रमांकावर फोन करा.

—

उत्तर : सातपुडा_पपई (शहादा)

मला वरील मते पूर्ण पटलेली नाहीत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. नात्यातील मदत सुरुवातीला गोड असते. पुढे पीक हाती आले की कोणाचे किती, यावरून बोलणे सुरू होते आणि लग्नकार्यात चारचौघांत ऐकावे लागते. आमच्याकडे मिरची आणि पपईत नुकसान सोसलेली अनेक घरे मी पाहिली. ज्यांनी थोडी जमीन विकून देणी मिटवली ती लवकर मोकळी झाली, आणि जी नातेवाइकांच्या आधारावर राहिली ती आधारावरच राहिली. माणसाला कामाची सवय सुटली की ती पुन्हा लागणे फार कठीण असते. त्यामुळे पाय थोडा चालू लागला की शेतात खुर्ची टाकून बसावे, मजुरांवर नजर ठेवावी आणि घरी येऊन पडावे, पण शेत दुसऱ्याच्या हाती देऊ नये. सावकाराचा विचार मात्र मीही सोडून द्यावा असेच म्हणेन.

—

सुकीकाठ :

तिघांचेही आभार. शहाद्याच्या भाऊंनी जे लिहिले तीच भीती माझ्या मनात आहे. सावकाराकडे मन का ओढते याचा विचार केला. त्याने मला खाटेवर पाहिलेले नाही. त्याला व्याज हवे आहे, त्यामुळे त्याच्याकडून घेताना तो उपकार वाटत नाही. शालकाला काहीच नको आहे आणि नेमके तेच जड जाते. जमीन विकण्याचाही विचार आला होता. रस्त्यालगतच्या एका एकराला गिऱ्हाईक आहे, तेही लवकर सांगा म्हणून मागे लागले आहे.

—

उत्तर : निवृत्त_शाखाधिकारी (अमळनेर)

सुकीकाठ, आपण लिहिलेले वाचून राहवले नाही. बँकेच्या ग्रामीण शाखांत माझी बरीच वर्षे नोकरी झाली आणि आपल्यासारखे खातेदार समोर बसलेले मी पाहिले आहेत.

हाडाला आणि मनाला वेळ द्यावा, याविषयी दुमत नाही. परंतु कागद वेळ देत नाही. संकटात सापडलेला माणूस नेमके उलटे करताना दिसतो. जमीन विकण्यासारखा निर्णय, जो वर्षभर थांबू शकतो, तो आठवड्यात घेतो, आणि बँकेतला अर्ज, ज्याला मुदत असते, तो महिनोन्‌महिने देत नाही, कारण शाखेत जाऊन परिस्थिती सांगण्याची लाज वाटते. गिऱ्हाईक घाई करत आहे याचा अर्थच असा की, आपली अडचण त्याला कळलेली आहे आणि भाव त्यानुसारच मिळणार आहे. शहाद्याच्या भाऊंनी सांगितलेला मार्ग काही घरांना लागू पडत असेलही, परंतु तो निर्णय पाय बरा झाल्यावर आणि झोप परत आल्यावर घ्यावा. रस्त्यालगतची जमीन तोवर कोठे जात नाही.

आता कर्जाविषयी. रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या निर्देशांनुसार, नैसर्गिक आपत्तीत पिकांचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर पीक कर्जाचे पुनर्गठन करता येत होते. नुकसान ३३ ते ५० टक्के असल्यास परतफेडीला दोन वर्षांपर्यंत आणि ५० टक्के किंवा अधिक असल्यास पाच वर्षांपर्यंत मुदत देण्याची तरतूद त्यात होती, आणि सुरुवातीचे एक वर्ष हप्त्यातून सवलत मिळत होती. आपत्तीच्या वेळी खाते थकीत नसावे ही अट होती. पुनर्गठन झालेल्या खात्यावर नवीन पीक कर्जही मिळू शकते. या कामाला ठरावीक मुदत असते आणि निर्देशांत वेळोवेळी बदल होतात, म्हणून सध्याचे परिपत्रक काय म्हणते हे शाखेत विचारून लेखी अर्ज तातडीने द्यावा, सोबत पंचनाम्याची प्रत व सात-बारा जोडावा आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले कोठेही नोंदले जात नाही.

हे सर्व करायला आपल्याला स्वतः वारंवार जाण्याची गरज नाही. सहीसाठी जावे लागेल तेवढे जावे, बाकीचे पुतण्यावर सोपवावे. तो मोबाइलवर विम्याची सूचना नोंदवू शकतो, म्हणजे ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून सात-बाऱ्यावर करायची पिकाची नोंद, तीही करू शकेल. शालकाने लावलेल्या कांदेबागेची नोंद आपल्या सात-बाऱ्यावर आपल्या नावे झालीच पाहिजे. पुढे विमा असो, नुकसानभरपाई असो किंवा कर्ज असो, सगळे त्या नोंदीवर अवलंबून असते. फळपीक विम्यात केळीसाठी अर्जाची मुदत सहसा ऑक्टोबरअखेर असते, यंदाची तारीख आजच पाहून घ्या. जूनच्या सूचनेचा नोंदणी क्रमांकही वहीत लिहून ठेवा. अपघाताविषयी म्हणाल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना मृत्यू किंवा अवयव व डोळा कायमचा निकामी झाल्यास लागू होते, जुळणाऱ्या हाडाला नाही. कोणी दलाल ‘मिळवून देतो’ म्हणून पैसे मागू लागला तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

सावकाराविषयी आपण प्रामाणिकपणे लिहिलेत, आणि ते मला पटते. अनेक खातेदार भावाला सोडून सावकाराकडे गेले त्यामागे हेच कारण होते. परंतु सावकाराला उपकार नको असतात हे खरे असले तरी त्याला तारण हवे असते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे आणि परवानाधारकालाही शासनाने ठरवलेल्या दरापेक्षा अधिक व्याज घेता येत नाही. कर्जाच्या बदल्यात खरेदीखत करून घेतलेली जमीन परत मिळावी म्हणून जिल्हा उपनिबंधकांकडे, म्हणजे सहकार खात्याकडे, अर्ज करता येतो आणि कायद्यात त्यासाठी पंधरा वर्षांपर्यंत मागे जाण्याची तरतूद आहे. कायदा चांगला आहे. तरीही त्या कार्यालयाच्या पायऱ्या चढण्यापेक्षा शालकासमोर बसून हिशेब ऐकणे पुष्कळ सोपे आहे.

—

सुकीकाठ :

मंडळी, मधल्या काळात बऱ्याच गोष्टी घडल्या, त्या कळवतो.

गिरणाकाठ ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे सौभाग्यवतींशी बोललो. मला वाटत होते की तिला पैशांची काळजी असेल. ती म्हणाली की पैशांचे तिने आणि तिच्या भावाने आधीच ठरवले आहे, तिला खरा त्रास होतो तो दिवसभर येणाऱ्या मंडळींच्या चहाचा, कारण त्यामुळे शेतात जायला उशीर होतो. आता दुपारी चारनंतरच भेटायला यावे, असा निरोप पुतण्याने भावकीत दिला आहे. दोघे वडीलधारे रुसले आहेत.

शालकाशीही बोलणे झाले. अखाजीपर्यंतची मुदत त्याला मान्य आहे, खताचे व व्यापाऱ्याचे मी पाहायचे हेही मान्य आहे. परंतु मी देऊ केलेला बटाईचा निम्मा हिस्सा घेण्यास तो तयार नाही. ‘दाजी, पुन्हा हे बोललात तर मी येणार नाही’ असे म्हणून तो उठून गेला. वहीत आकडे लिहायचे तर लिहू काय?

—

गिरणाकाठ :

दादा, रोपांचे, खताचे आणि मजुरांचे आकडे अवश्य लिहा आणि कांदेबागेचे पहिले पैसे आले की ते त्याला परत करा, त्याला तो नाही म्हणणार नाही. त्याच्या घामाचे आकडे लिहू नका. तो बटाईदार म्हणून आलेला नाही, त्यामुळे त्याला हिस्सा देऊ केला की त्याला ते नोकरासारखे वाटते. रागावून उठून गेला तो त्यामुळेच.

आणखी एक गोष्ट कदाचित तुमच्या ध्यानात आली नसेल. तुम्हाला वाटते की तो तुम्हाला मदत करत आहे. माझ्या मते तो त्याच्या बहिणीला मदत करत आहे. अखाजीला माहेरी बोलावणारा आणि भाऊबीजेला ओवाळणी टाकणारा भाऊ बहिणीच्या घरावर संकट आल्यावर येणारच. वहिनींनी आणि त्याने पैशांचे आपसांत ठरवले, हे ऐकूनही तुमच्या ध्यानात यायला हवे होते. त्या व्यवहारात तुम्ही मध्ये फारसे नाही. म्हणून तुमचा मान गेला की राहिला, हा प्रश्न त्याच्या डोक्यातही नसेल. आता भाऊबीज येतेच आहे, त्या दिवशी त्याच्या घरच्यांना सगळ्यांना जेवायला बोलवा आणि वहिनींना जे द्यावेसे वाटेल ते त्यांना देऊ द्या. बहिणीने नाशिकहून फी भरली तिच्याबाबतीतही असाच विचार करा, तिथे भाऊ तुम्ही आहात. तिच्यासाठी तुम्ही पूर्वी काय काय केले ते तिच्या लक्षात असणार.

—

सातपुडा_पपई :

माझे मत जमिनीबाबत शाखाधिकारी साहेबांनी बदलले, हे मान्य करतो. मात्र शेतात खुर्ची टाकून बसण्याचा सल्ला मी मागे घेत नाही.

—

पांझरा_फिजिओ :

खुर्ची टाकून बसायला माझी हरकत नाही, फक्त बांधापर्यंत गाडीतून जावे आणि ओल्या सरीतून चालू नये. हात असलेली खुर्ची घ्यावी, उठताना तिचा आधार मिळतो. हातांचा आधार न घेता उठण्याचा व्यायाम घरातल्या पक्क्या जमिनीवरच करावा. एका वेळी तासाभरापेक्षा जास्त बसू नये, पाय लटकत राहिला तर सूज येते.

—

सुकीकाठ :

ठीक आहे. पुनर्गठनाचा अर्ज पुतण्याने लिहिला आहे, सहीसाठी मी सोमवारी शाखेत जाणार आहे, आणि त्याच फेरीत क्ष-किरण चित्र काढून डॉक्टरांना दाखवून येईन. ई-पीक पाहणी झाली. विम्याची तारीख अजून गेलेली नाही, अर्ज उद्या भरतो. त्या क्रमांकावर रात्री फोन केला होता, बोलणाऱ्या बाईंनी घाई न करता सर्व ऐकून घेतले आणि जळगावला दाखवायला सांगितले आहे. सौभाग्यवती सोबत येणार आहे. फिजिओ साहेब, ती शौचालयावरची खुर्ची रावेर किंवा सावद्याला मिळते का, की जळगावहून आणावी लागेल?

—

पांझरा_फिजिओ :

शस्त्रक्रियेचे साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळते. रावेरच्या मोठ्या औषध दुकानात विचारून पाहा, नसेल तर ते मागवून देतात. सोमवारी जळगावला जाणे झाले तर तिथूनच घ्या, बसून पाहून घेता येते. उंची कमी-जास्त करता येणारी आणि पायांना रबराचे बूट असलेली घ्यावी. प्लास्टिकची साधी खुर्ची मधे कापून वापरू नये, ती ओल्या फरशीवर सरकते.